राईझर

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत मी गेले ती पुराच्या पुढच्या वर्षी.
खालच्या कपाटातली रजिस्टरं अजून फुगलेली होती,
पान पानाला सोडत नव्हतं.
मालक म्हणाले, आता सगळं ढगात टाका,
तिथवर पंचगंगा येत नाही.

माझं काम सोपं. कागद कुठून निघतो,
कुणाच्या टेबलावर थांबतो, का थांबतो, विचारायचं.
चौकोन काढायचे, चौकोनाला बाण जोडायचे.
जिथे माणूस नुसताच उभा आहे
तिथला माणूस खोडायचा.
आमच्याकडे याला सुलभीकरण म्हणतात.

जावक मगदूम मामांकडे. चौतीस वर्षं.
टेबलाला एक खण, खणात डिंकाची बाटली,
टाचण्या, सुपारीची डबी,
आणि तळाशी चिकटवलेली, न पाठवलेली चार-दोन पाकिटं.
कागद आला की तुम्ही काय करता?
"पाठिवतो की."
लगेच?
"लगेच कसं? कागद बगून."
म्हणजे नियम काय?
"नियम न्हाई ओ. बगायचं."
मी वहीत लिहिलं : विलंब. कारण अस्पष्ट.

निघताना त्यांनी मला मोल्डिंगला नेलं.
पेट्यांमध्ये नुकतंच ओतलं होतं, जळक्या वाळूचा वास
ओढणीला दोन दिवस राहिला.
"थंड हुताना लोखंड आक्रसतंय बगा,
पोटात पोकळी धरतंय. म्हणून वर हे जादाचं ठेवायचं.
राईझर. लागंल तेवढं जॉब त्यातनं पितोय.
मग हातोडा घालायचा, तोडायचं, परत भट्टीत."
मला पाचची मीटिंग होती.
मी मान हलवली.

एप्रिलात सगळं सुरू झालं.
मागणी, मंजुरी, गेटपास, चलन,
हिरव्या खुणा टपटप पडत गेल्या,
तीन दिवसांचं तीन मिनिटांवर आलं.
मालकांनी पेढे वाटले. मामांना शाल, नारळ,
आणि खण रिकामा करायला एक कापडी पिशवी.

ऑगस्टात भट्टीचं अस्तर फुटलं.
त्या संध्याकाळी मालकांनी फोनवर एक बटण दाबलं :
इर्शाद मुल्लाणी, कोअर शॉप, सेवा समाप्त.
चार सेकंद.
हिशेबाला कळलं, गेटला कळलं,
हजेरीच्या यंत्राला कळलं.
तो हात धुऊन बाहेर जायला आला
तेव्हा त्याचं बोट कुणाचंच नव्हतं.
तीनदा पुसून ठेवलं म्हणे त्यानं.

सकाळी नऊला मालकांचा फोन. आवाज खाली.
"ते पत्र... गेलं का हो?"
गेलं, म्हणाले मी. कालच.
पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.
"मगदूम असता तर म्हणाला असता,
टपाल अजून निघालं न्हाई, साहेब."

इर्शादकडे माणूस पाठवला. तो आला नाही.
चार दिवसांत गोकुळ शिरगावात लागला.

त्या रात्री मी चौकोन उघडून बसले.
'सेवा समाप्त' आणि 'पाठवा' यांच्या मध्ये
एक नवा घातला. आत येणारा एक बाण,
बाहेर जाणारा एक. पोटात काही नाही.
थांबा, सोळा तास.
नाव दिल्याशिवाय जतन होत नव्हतं.
'जावक' लिहिलं. खोडलं.
'मगदूम' लिहिलं.

आता दर एक तारखेला ढगातून अहवाल येतो,
नम्र, शुद्ध मराठीत :
मगदूम ही पायरी काहीच करत नाही.
काढून टाकल्यास प्रक्रिया सोळा तासांनी वेगवान होईल.
काढायची का?

मी 'नाही' दाबते.
मग तो कारण विचारतो. यादी देतो, सात कारणांची.
मी दर वेळी सातही वाचते,
आणि 'इतर' निवडते.